पात्राचं झाकण

"पण माझ्या पुढचे दोघं हटतील की नाही, एवढंच सांगा ना, आर्याजी."

आर्याजी पात्र पुसत होत्या. एकाच हातानं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. काळं लोखंडी पात्र मांडीत धरलेलं, आणि डाव्या हातात फडकं.

फडकं पात्राच्या काठावरून फिरत राहिलं.

"म्हणजे तुम्हाला आतून काही वाटते का, असं विचारून राहिली मी. तुम्ही एवढं ध्यान करता..."

आता आर्या सोमा म्हणजे काही पोपट घेऊन बसणारा ज्योतिषी नव्हे. वैनगंगेच्या काठी, गावाच्या टोकाला जे लहानसं विहार आहे, तिथं राहणारी ही म्हातारी भिक्खुणी. अंगावरचं चीवर, हातातलं पात्र आणि एका काडीला दोरा बांधलेला चष्मा, एवढाच काय तो संसार. गावात कोणाचं लग्न असो की मयत, परित्राण पाठ म्हणायला त्याच येतात आणि मनगटाला पांढरा धागा बांधून परत जातात. बोलणं कमी. इतकं कमी, की नवीन माणसाला वाटावं, बाईला ऐकू येत नाही.

आणि विचारणारी कोण, तर उत्पला गजभिये. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., अख्ख्या विद्यापीठात पहिली. मागच्याच वर्षी ह्याच विहाराच्या ओट्यावर उभी राहून तिनं भाषण ठोकलं होतं, की धागेदोरे बांधून काही होत नसते, आपण विज्ञानाची लेकरं आहोत. टाळ्या पडल्या. आर्याजींनीही वाजवल्या होत्या, तेव्हा त्यांचे दोन्ही हात धड होते.

तीच उत्पला आज सकाळी सकाळी येऊन बसली होती, आणि बोलता बोलता आपलं मनगट हळूहळू पुढं सरकवत होती.

"धागा संपला," आर्याजी म्हणाल्या.

उत्पलानं मनगट मागं घेतलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या.

झालं होतं असं. दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत तिनं पीएच.डी.साठी अर्ज केला होता. मुलाखत झाली, झकास झाली, आणि निकाल आला तो प्रतीक्षा यादीचा. धड हो नाही, धड नाही नाही. सुरुवातीला पुढची नावं भराभर कमी झाली. मग दोन उरली, आणि तिथं यादी जी थिजली ती थिजलीच.

नाही म्हणाले असते तर पोरगी रडून मोकळी झाली असती. पण ह्या 'अजून थांबा'चं करायचं काय?

त्यात वडिलांचा एक मित्र निघाला हौशी. यादीत नाव आलं एवढंच त्यानं ऐकलं, आणि यादीत नाव म्हणजे प्रवेश झालाच, असं धरून चौकात फ्लेक्स लावून मोकळा झाला. उत्पलाचा हसरा फोटो, वर हार्दिक अभिनंदन, खाली शुभेच्छुकांची ही गर्दी. आता तो काढा म्हणायची वडिलांना लाज वाटे. मित्राचं मन मोडेल, आणि गावाला काय सांगायचं? मग उत्पला चौक टाळून मागच्या गल्लीनं जायची, आणि फ्लेक्सवरची उत्पला तिकडं चौकात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून हसत राहायची.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. डोळा उघडला की हात आधी फोनकडं. संस्थेचं पोर्टल उघडायचं, ते गोल फिरणारं चाक बघत बसायचं, आणि शेवटी तेच कालचं वाक्य वाचायचं, आपला अर्ज प्रतीक्षेत आहे. ताटावर बसली की पोर्टल. आंघोळीला गेली की फोन कोनाड्यात. वंदनेला सगळे डोळे मिटून बसले की हिचा एक डोळा उघडा. आईनं केलेला पाटोडीचा रस्सा, ज्याच्यासाठी ही एरवी भावाशी भांडायची, तोही ताटात तसाच निवून जायचा.

पुढच्या दोघांपैकी एकाला तिनं इंटरनेटवर हुडकून काढलं होतं. पुण्याचा मुलगा. त्याला परदेशातूनही बोलावणं आलंय, हे त्याच्याच फोटोखालच्या अभिनंदनांवरून कळलं. झालं. त्या दिवसापासून उत्पला रोज त्या मुलासाठी मैत्रीभावना करू लागली. तो सुखी होवो, निरोगी होवो, त्याला व्हिसा मिळो. सख्ख्या भावासाठीही तिनं कधी इतक्या कळवळ्यानं मागितलं नव्हतं.

हे ऐकून आर्याजींच्या सुरकुतलेल्या गालाला किंचित खळी पडली.

"आणि दुसरा?"



दुसऱ्याचा पत्ता लागला नव्हता. त्याच्याविषयी तिच्या मनात जे येऊन गेलं होतं, ते विहारात बसून सांगण्यासारखं नव्हतं. फार काही नाही, ऐन प्रवेशाच्या वेळी ताप. साधाच ताप, मोठा नको. असा विचार आपल्याला येतो ह्याची तिला शिसारी आली होती, पण यायचा तो येऊन गेलाच होता.

"दुसऱ्याचं माहीत नाही," ती पुटपुटली.

आर्याजींनी मग विचारलं, की तिथं नाहीच झालं, तर दुसरीकडं काही आहे की नाही. आहे ना, उत्पला म्हणाली. नागपूरला जागा मिळालेलीच आहे, चांगले सर आहेत, शिष्यवृत्तीही आहे. पण ती आपली असू द्यावी म्हणून ठेवलेली, अडीनडीला. येते म्हणून कळवलं नाही, येत नाही म्हणूनही नाही. सरांचा फोन आला की ही उचलत नाही, वाजून वाजून बंद होऊ देते.

"आणि त्यात ती एक पोरगी," उत्पला वैतागून म्हणाली. "वनमाला कुमरे म्हणून, धानोऱ्याकडची. नागपूरच्या यादीत माझ्या मागं आहे म्हणे. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. रोज मेसेज टाकते. ताई, तुमचं काही ठरलं का? नुसतं डोकं खाऊन राहिली."

फडकं थांबलं.

आर्याजींनी उत्पलाकडं पाहिलं. रागानं नव्हे, नुसतंच पाहिलं. पण त्या पाहण्यानं उत्पलाला उगीचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

मग त्यांनी पात्रावर झाकण ठेवलं, पात्राची पट्टी खांद्यावर अडकवली आणि उठल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "माझा हात मोडला आहे. झाकण तू सांभाळ."

न्हाणीत पाय घसरून हात मोडल्यापासून भिक्षेला जाताना त्या कोणा ना कोणा उपासिकेला बरोबर नेत. डाव्या हातानं पात्र धरलं की झाकण काढायला हातच उरत नसे. एरवी भिक्षेचे त्यांचे नियम सगळ्या गावाला पाठ. दारात जाऊन नुसतं उभं राहायचं. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, आत डोकवायचं नाही. मनातल्या मनात एक गाथा म्हणून होईपर्यंत थांबायचं, आणि कोणी आलं नाही तर पुढच्या घरी. मधलं एकही घर सोडायचं नाही. दारात असेपर्यंत कोणी बोलायचं नाही, त्यांनीही नाही आणि घरच्यांनीही नाही.

आणि झाकण लावलेलंच ठेवायचं. उघडं पात्र घेऊन उभं राहणं म्हणजे मागणंच झालं. देणारा समोर आला, की मग काढायचं.

उत्पलाला हे काम फारच सोपं वाटलं.

पहिल्या घराला कुलूप होतं. तरी आर्याजी दारासमोर उभ्या राहिल्या, नजर खाली, पायाच्या बोटांकडं. उत्पलानं डोळ्यांनीच कुलूप दाखवलं. आर्याजी हलल्या नाहीत. गाथा संपली तेव्हा त्या शांतपणे पुढं निघाल्या.

दुसऱ्या घरात टीव्ही चालू होता. बनियनवर बसलेल्या माणसानं दोघींना पाहिलं, आणि पुन्हा मान टीव्हीकडं वळवली. उत्पलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं घसा खाकरला. जरा मोठ्यानंच.

आर्याजी त्याच क्षणी वळल्या आणि चालू लागल्या.

रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "खाकरलीस काहून?"

"त्याला कळावं म्हणून."

"त्याला कळलं होतं."

उत्पला धुसफुसत चालत राहिली. थोड्या वेळानं तिला राहवेना. विचारलंच, की राग कसा येत नाही तुम्हाला? माणूस घरात बसलेला, ढळढळीत बघतो आणि मान फिरवतो.

"घर त्याचं आहे," आर्याजी म्हणाल्या.

"आणि आज कोणीच काही दिलं नाही तर?"

"पात्र घासायचं वाचेल."

उत्पला फस्सकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल. मग तिनं विचारलं, आणि उद्या?

"उद्या पुन्हा पहिल्या घरापासून."

"त्या कुलपापासून?"

"त्या कुलपापासून."

तिसऱ्या घरची सून वाट बघतच होती. वरण, दोन पोळ्या, जवसाची चटणी. उत्पलानं वेळेवर झाकण काढलं, वेळेवर लावलं. सून वाकून पाया पडली. जमलं की, असं उत्पलाला वाटलं. पहिल्या नंबरची सवय होती पोरीला, झाकण काढण्यातही ती पहिलीच यायला बघत होती.

पण पुढची वाट चौकातून जात होती. एकही घर सोडायचं नाही म्हटल्यावर चौक कुठला सुटायला? उत्पलानं मान खाली घातली. वर फ्लेक्सवर तिचा फोटो ऊन खात हसत होता, आणि त्याच्याच सावलीत पानटपरीवाला बसला होता. आर्याजींना पाहून त्यानं हात जोडले. मग उत्पलाकडं वळून मोठ्या कौतुकानं विचारलं, की केव्हा निघायचं मग पोरी, तिकीट काढलं का?

उत्पला हसल्यासारखं करून पुढं सटकली. आता ह्या गावात राहायचं कसं? उद्या हे सगळे विचारतील, गेली कशी नाही? बाबा काय सांगतील? आणि कोण जाणे, आत्ता ह्या क्षणी यादी हलली असेल. आत्ता, इकडं ही झाकण धरून फिरतेय तेवढ्यात.

पुढचं दार बायजाबाईचं. आर्याजी थांबल्या. नजर खाली गेली.

उत्पलाच्या कुर्त्याच्या खिशात फोन थरथरला.

तिनं झाकणावरचा हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोन काढला. वनमाला कुमरे. तिनं तो मेसेज न वाचताच अंगठ्यानं बाजूला सारला आणि पोर्टल उघडलं. गल्लीत रेंज अर्धीमुर्धी. चाक फिरू लागलं. फिरत राहिलं... बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा चाक. तिनं फोन जरा उंच धरला, जरा डावीकडं. पान अर्धं आलं. नाव आलं, अर्जाचा क्रमांक आला, खालची ओळ काही येईना.

मग ती ओळ आली.

आपला अर्ज प्रतीक्षेत आहे.

उत्पलानं डोळे मिटले, उघडले आणि मान वर केली.

समोर बायजाबाई उभी होती.

पाठीतून वाकलेली म्हातारी. एका हातात फडक्यानं धरलेला भाताचा गंज, दुसऱ्या हातात भरलेला डाव, पात्राच्या अगदी वर धरलेला. गंज चुलीवरून उतरवून थेट आणलेला दिसत होता. डाव धरलेला हात लटलट कापत होता. डावातल्या भाताची वाफ केव्हाच सरली होती.

ती कधीपासून उभी होती?

म्हातारी बोलली नव्हती, कारण दारात बोलायचं नसतं. आर्याजींचं तेच. डाव्या हातात पात्र, उजवा प्लास्टरमध्ये, नजर पायाच्या बोटांकडं. आणि पात्रावर झाकण, झाकणावर उत्पलाचा हात.

उत्पलानं झाकण ओढून काढलं. भात पडला. बायजाबाईनं गंज खाली ठेवला, हात जोडले, कपाळ उंबऱ्याला टेकवलं. मग गंज उचलून तळव्यावर फुंकर घालत आत गेली.



विहारात आल्यावर आर्याजी सावलीत बसून जेवल्या. डाव्या हातानं, सावकाश, वरण-भात-चटणी सगळं एकत्र कालवलेलं. उत्पला ओट्याच्या कडेला बसून राहिली. फोन बाजूला पालथा टाकलेला.



"तिचा हात भाजला असेल."

आर्याजी जेवत राहिल्या.

"मी पाहिलंच नाही तिला. खरंच नाही पाहिलं, आर्याजी. तुम्ही मला सांगायचं ना. कोपरानं ढोसायचं, काहीतरी..."

"झाकण तुझ्याजवळ होतं."

नदीकडून वारा आला. पिंपळाची पानं सळसळली आणि पुन्हा गप्प झाली. उत्पलाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. तिनं पुसलंही नाही. आतापर्यंत घरी-दारी ती सगळ्यांना सांगत आली होती, की मला काही नाही झालं, होईल तेव्हा होईल. आज तिनं पहिल्यांदा खरं सांगितलं. भीती वाटते मला, ती म्हणाली. रोज वाटते. लहानपणापासून मी पहिली आली, कोणी मला थांब म्हटलंच नाही कधी. आता ते लोक नुसतं थांब म्हणून राहिले, तर मी म्हणजे नेमकी कोण, तेच मला कळेनासं झालं.

आर्याजींनी शेवटचा घास घेतला. मग उठून पात्र नळाखाली धरलं. घासलं, विसळलं आणि उन्हात पालथं घातलं. हे सगळं एका हातानं, आणि मुळीच घाई न करता. परत येऊन त्या उत्पलाच्या शेजारी बसल्या.

फोन थरथरला.

उत्पला हलली नाही.

"बघ," आर्याजी म्हणाल्या.

तिनं फोन सुलटा केला. पोर्टल नव्हतं, संस्थाही नव्हती. सकाळी बाजूला सारलेला मेसेज होता आणि त्याच्याखाली आता नवीन आलेला. वनमालानं लिहिलं होतं, ताई, राग नका मानू. तुम्ही घेणार असाल तर घ्या, जागा तुमचीच आहे. फक्त हो की नाही तेवढं सांगा. घरी दुसरीकडं माझं पक्कं करून राहिले, त्यांना काय सांगू ते समजत नाही.

उत्पलानं तो वाचला. पुन्हा वाचला. दुसरीकडं पक्कं करून राहिले म्हणजे लग्न, हे गावातच वाढलेल्या उत्पलाला समजावून सांगायची गरज नव्हती.

रोज सकाळी ही मुलगीही डोळा उघडल्याबरोबर फोनच बघत असणार. आणि तिला माझं नाव माहीत आहे. तिनं मला हुडकून काढलं. माझ्यासाठीही ती मैत्रीभावना करत असेल का? की मला ताप यावा असं...



"आर्याजी," उत्पला म्हणाली. "हिला जागा नाही दिली, तर वाईट. जागा सोडली, आणि मग तिकडचीही नाही मिळाली, तर मी ना इकडची ना तिकडची. आणि नागपूरला जाते म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिकडून बोलावणं आलं, तर? कसंही केलं तरी..."

तिनं फोन ओट्यावर ठेवला आणि मनगट पुढं केलं. ह्या वेळी लपतछपत नव्हे, सरळ आर्याजींच्या मांडीवर ठेवलं.

"बांधा ना काहीतरी. तुटका तुकडा असेल तरी चालेल."

आर्याजींनी आपला डावा हात त्या मनगटावर ठेवला. हात ओलाच होता, पाण्यानं गार पडलेला. थोडा वेळ तो तिथं तसाच राहिला.

मग त्यांनी तिचं मनगट हळूच उचललं आणि तिच्याच मांडीवर परत ठेवलं. तिथं पात्राचं झाकण होतं. बायजाबाईच्या दारापासून उत्पलानं ते खाली ठेवलंच नव्हतं, आणि पोरीला त्याचं भानही नव्हतं.

आर्याजींनी झाकण तिच्या बोटांतून सोडवून घेतलं, आणि रिकाम्या झालेल्या हातात फोन दिला.

"कोणी उभं आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "झाकण काढ."